एकसष्ट ते सत्तर

४ मार्च, बुधवार

आज लॅबमध्ये माझ्यावर अन्याय झाला. त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही वही उघडली आहे. माझं स्टूल कुणीतरी दोन बोटं खाली केलं.

ज्याने आयुष्यात कधी कवळी बनवलेली नाही त्याला वाटेल, यात काय एवढं. त्याच्या माहितीसाठी: कोपर आणि टेबल यांच्यातलं अंतर हा आमच्या धंद्याचा पाया आहे. स्टूल खाली गेलं की मनगट वर उचलावं लागतं, मनगट उचललं की हात थरथरतो, आणि हात थरथरला की कुठल्यातरी निरपराध म्हातारीचा सुळा तिच्याच ओठात रुततो. स्टूल खाली करणाऱ्याने त्या म्हातारीचा विचार केला होता का? नव्हता. संशय अर्थातच पॉलिशवालीवर. ती माझ्या शेजारी बसते, बुटकी आहे, आणि माझ्यानंतर घरी जाते. तिन्ही गोष्टी तिच्या विरोधात जातात.

वही उघडण्याचं दुसरं, किरकोळ कारण म्हणजे माझा जबडा. दोन महिने दुखतोय. आमच्याकडे सगळ्यात जास्त कामं पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी मला खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला आणि म्हणाल्या की काका, तुमच्या दाढा पाट्यासारख्या सपाट झाल्यात, तुम्ही झोपेत दात खाता. कुणावर खाता? म्हटलं, यादी मोठी आहे, तुमचे पुढचे पेशंट खोळंबतील.

त्यांनी दोन उपाय दिले. एक, झोपताना दातांवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण. ते बनवणार कोण, तर मीच. माझ्या तोंडाचं माप रीतसर नंबर लागून माझ्याच टेबलावर आलं. माप वाईट घेतलं होतं, पण गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून चालवून घेतलं. दुसरा उपाय ही वही. रोज केलेली एक गोष्ट लिहायची. खाली लिहायचं, का? उत्तराच्या खाली पुन्हा, का? असं खरं कारण हाती लागेपर्यंत. बाई स्वतः दोन वर्षं हे करतात. म्हणतात, आपण कशासाठी जगतो ते कळलं की आयुष्य भरल्यासारखं वाटतं. मला जेवण झाल्यावरही तसं वाटतं, पण ते बोललो नाही.

बायकोला हे सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, वही किती पानी आणलीत?" दोनशे, म्हटलं. म्हणाली, "पुरेल सुरुवातीला."

५ मार्च, गुरुवार

केलेली गोष्ट: पॉलिशवालीला सगळ्यांसमोर सुनावलं. म्हटलं, कवळीला इतकी चकाकी दिलीस की म्हातारा रस्त्यात हसला तर समोरून येणारी गाडी खांबावर जाईल. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

का? कामाचा दर्जा राखण्यासाठी.

का? कारण या लॅबमध्ये दर्जा राखायला माझ्याशिवाय कुणी नाही.

का? स्टूल.

इथे थांबलो. पद्धत धोक्याची आहे.

९ मार्च, सोमवार

दोन बोटं खाली बसून तीन कवळ्या केल्या. स्टूल रोज सकाळी वर करतो, दुपारपर्यंत खाली आलेलं असतं. पॉलिशवालीचं धाडस वाढत चाललंय.

पण आजची खरी गोष्ट वेगळी आहे. दुपारी डॉक्टरीणबाईंकडून एक खोकं आलं, केस नंबर २१२. आमच्याकडे माणसं येत नाहीत, खोकी येतात. त्यात प्लास्टरचं मॉडेल, मेणाची पट्टी आणि एक फॉर्म. मेणाची पट्टी डॉक्टरने पेशंटच्या तोंडात बसवून त्यावर रेघा मारलेल्या असतात: ओठ कुठे येतो, दात किती लांब हवेत. नाव नसतं. फॉर्मवर पुरुष, वय ऐंशी, वरखाली एकही दात नाही, जुनी कवळी सात महिन्यांपूर्वी फुटली, एवढंच.

मॉडेल उचललं, पालथं करून टाळू पाहिला आणि खाली ठेवलं. टाळूच्या मध्ये, जरा डावीकडे, वाटाण्याएवढं हाड वर आलेलं. मी माणसांचे चेहरे विसरतो. टाळू नाही.

हे मास्तरांचं तोंड होतं.

एकोणिसाव्या वर्षी मी मास्तरांच्या लॅबमध्ये लागलो. शिकणाऱ्याला सरावासाठी कुणाचं तरी तोंड लागतं, आणि स्वतःचं तोंड उघडून द्यायला कोण तयार होणार. मास्तरांनी आपलंच माप घेऊन दिलं. त्या मापातून मी शंभर तरी मॉडेलं ओतली असतील. तेव्हा त्यांचे सगळे दात होते, मोठे, जरा पुढे आलेले, एक पुढचा किंचित तिरका. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. निघताना त्यांनी त्यांची मेणाची सुरी मला दिली, तीच आजही वापरतो. लाकडी मूठ, पितळेची कडी, पात्याच्या टोकाला एक खाच.

मास्तरांची एक खोड होती. कवळी मेणात बसवली की पेशंटला समोर बसवून एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. जिभेला आणि दातांना या दहा आकड्यांइतका त्रास दुसरं काही देत नाही. दात केसभर चुकले असले तरी शिट्टी वाजते. पेशंटला वाटायचं म्हातारा चळलाय. मास्तर म्हणायचे, मोजा. आता आम्ही खोक्यांवर काम करतो, आणि खोकी मोजत नाहीत.

का सोडली त्यांची लॅब? प्रगती. तिथे वाव नव्हता.

१२ मार्च, गुरुवार

२१२ चे दात बसवले. दीड दिवसात, इतकं मन लावून गेल्या दहा वर्षांत काम केलं नसेल. मेणाच्या पट्टीवर बाईंनी रेघा मारल्या होत्या, त्या जरा आखूड वाटल्या. मला त्या रेघांची गरजही नव्हती. हे तोंड मला पाठ आहे. मोठे दात, जरा पुढे, एक किंचित तिरका. पूर्ण झाल्यावर जबड्यासारखं उघडझाप करणाऱ्या यंत्रावर लावून पाहिलं, आणि बावीस वर्षांनी मास्तर माझ्याकडे बघून हसले. धडाशिवाय, पण तेच हसू.

केलेली गोष्ट: पेशंट ओळखीचा आहे हे बाईंना कळवलं नाही.

का? पेशंटची गोपनीयता.

का? कारण त्यांनी विचारलं असतं, तुम्ही त्यांना कधी भेटलात शेवटचं.

का? कारण मग सांगावं लागलं असतं. सांगण्यासारखं विशेष नाही. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या एका बाईंची कवळी होती. सहा आठवड्यांचं काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं. आणि त्या बाईंसमोर, मी शेजारी उभा असताना, मास्तर म्हणाले, "हे काम माझ्या हातचं." पंधरा दिवसांनी मी नवीन लॅबमध्ये होतो. कुठलाही स्वाभिमानी माणूस हेच करेल. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि सगळ्यांनी माझीच बाजू घेतली आहे.

१६ मार्च, सोमवार

मालकांनी एका मार्गदर्शकाला बोलावलं होतं. विषय: आयुष्याचा हेतू. कोटातला माणूस, आणि त्याचे दात. तासभर मला त्याच्या दातांपलीकडे काही दिसलं नाही. त्या पांढऱ्या रंगाची शेड आमच्या कार्डावर नाही. कुठल्याच कार्डावर नाही. इतके पांढरे दात मी फक्त स्वच्छतागृहाच्या भिंतीवर पाहिलेत, आणि त्याही फरश्या होत्या. म्हणाला, मनाच्या आत उतरा. पॉलिशवाली कुजबुजली, "काका, जिना कुठेय?" मला हसू आलं, पण स्टुलाची आठवण होऊन गिळलं.

मग त्याने कागद वाटले. लिहायचं होतं, तुम्हाला तुमचं काम कुणी शिकवलं. मी लिहिलं: स्वतः. कागद गोळा करून त्याने मोठ्याने वाचले, निनावी, म्हणजे कुणाचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही असं त्याला वाटत होतं. एकावर लिहिलं होतं, "शेजारच्या टेबलावरच्या काकांनी. ओरडून, पण शिकवलं." पॉलिशवालीचं गिचमिड अक्षर मी रोज फॉर्मवर वाचतो.

यावर का विचारावं असं काही आज घडलेलं नाही.

१८ मार्च, बुधवार

बाईंचा फोन आला. २१२ ची ट्रायल झाली. मेणातली कवळी तोंडात बसवली तर पेशंटचे ओठ मिटेनात. दात लांब, पुढे आलेले. बोलायला गेले तर कवळी एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. त्यांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं. मग कवळी काढली, ट्रेमध्ये नीट ठेवली आणि टोपी घालून निघाले.

"काका, मी रेघा मारून दिल्या होत्या ना?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत नाही, त्याचाच त्रास होतो. "ऐंशी वर्षांच्या माणसाला तुम्ही पन्नाशीचे दात लावलेत. त्यांचं हाड निम्मं झिजलंय. तुम्ही कुणाचे दात बसवत होतात?"

नजरचूक झाली, म्हटलं.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, मी न विचारता. पेशंट मुलीकडे राहतो. जुनी कवळी फुटल्यापासून सात महिने ताट घेऊन आपल्या खोलीत जातो आणि दार लावून जेवतो, म्हणजे जे काही पातळ असेल ते गिळतो. कुणी आलं की तोंडावर हात ठेवून बोलतो, म्हणजे बोलतच नाही. वजन उतरलंय. मुलीने हातापाया पडून क्लिनिकपर्यंत आणला होता. आता आणखी एकदाच येईन म्हणालाय, तेही तिच्यासाठी. त्यानंतर येणार नाही.

बाई म्हणाल्या की यावेळी तुम्ही स्वतः या, तोंडात बघून जागेवर दात हलवा. म्हटलं, बाई, आम्ही खोक्यातली माणसं. क्लिनिकमध्ये गेलो की गुदमरतो.

१९ मार्च, गुरुवार

स्टुलाचा उलगडा झाला. आज पॉलिशवाली सुट्टीवर होती. तिच्या मुलीची परीक्षा. स्टूल सकाळी वर केलं, दुपारी खाली. उलटं करून पाहिलं तर आतला स्क्रू झिजलाय. बसणाऱ्याच्या वजनाने ते आपोआप खाली जातं. बसणारा मी. पंधरा दिवस मी स्वतःला खाली आणत होतो आणि तिच्याकडे रोखून बघत होतो.

केलेली गोष्ट: क्लिनिकमध्ये यायला नकार दिला.

का? ते आमचं काम नाही.

का? मास्तरांनी ओळखलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल.

का? त्यांना होणार नाही. त्यांना कधी अवघडल्यासारखं झालेलं मी पाहिलेलं नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. ९ तारखेला मी लिहिलंय की सुरी मास्तरांनी दिली. दिली असं नाही. माझ्याकडे राहिली.

२१ मार्च, शनिवार

बायकोने माझा जबडा दाबून पाहिला आणि म्हणाली की आवरण लावूनही रात्रभर करकर चालू होती. काय झालंय? २१२ चं सांगितलं. कुणाचं तोंड ते सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती, घालत राहिली.

"रेडिओवाल्या बाईंची कवळी म्हणजे तीच ना, जी शिट्टी वाजवायची?"

तिची स्मरणशक्ती ही आमच्या संसारातली एकमेव वस्तू जी झिजलेली नाही. हो, वाजवायची. साडेसातच्या बातम्यांत, सगळ्या गावाने ऐकली. मला घाई होती आणि त्यांना मोजायला लावायचं मी टाळलं. ते म्हाताऱ्याचं खूळ, मला नुसतं बघून कळतं, असं मला तेव्हा वाटायचं. रेडिओवाल्या बाई तावातावाने लॅबमध्ये आल्या, कवळी टेबलावर आपटली. कुणी केली ही? आणि मास्तर म्हणाले, "हे काम माझ्या हातचं." रविवारी एकटे बसून त्यांनी ती पुन्हा केली. सोमवारी माझ्याशी त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्या न बोलण्याचाच मला जास्त राग आला होता. असं मला वाटतं. शिवाय त्यांनी नाव घेऊन मला झापलं असतं, तर मलाही काही उत्तर देता आलं असतं.

लोकांना ही गोष्ट सांगताना शिट्टीचा भाग मी वगळत आलो, कारण ती लांबते.

"तुम्ही नोकरी सोडल्यावर ते घरी आले होते," बायको म्हणाली.

"माहितीये."

"तुम्ही बाथरूममध्ये होतात. मला म्हणालात, सांग घरात नाहीत. नळ चालू होता." घडी घातलेला शर्ट तिने पुन्हा उलगडला. "चहा घेतला त्यांनी. विचारलं, तिथे स्टूल बरं मिळालंय का त्याला. मी म्हटलं, माहीत नाही. मग गेले."

हे तिने मला बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं. का, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्या कोपराखाली वीत लावून स्टूल ठरवलं होतं. कोपर, टेबल आणि मनगट यांच्याबद्दल ४ तारखेला जे काही मी लिहिलंय ते त्यांचं आहे. म्हातारी तेवढी माझी.

२४ मार्च, मंगळवार

गेलो.

२१२ चे दात पुन्हा बसवून नेले होते, बाईंच्या रेघांवर. आखूड, मागे घेतलेले, म्हाताऱ्या माणसाचे. बसवताना हात सारखा जुन्या जागी जात होता. तिरका दात मात्र तिरकाच ठेवला. सुरी खिशात होती.

खुर्चीत ते बसले होते. लहान झालेत. गाल आत गेलेत, कान मोठे दिसतात. बाई म्हणाल्या, हे लॅबचे काका. मास्तरांनी तोंडावरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, काही कळलं नाही. मी हात धुतले, कवळी पाण्यातून काढली, त्यांच्या तोंडात बसवली. बसवण्याआधी टाळू चाचपला तेव्हा वाटाणा अंगठ्याला लागला.

"मास्तर, एकसष्टपासून म्हणा."

"कुठपर्यंत?" हात अजून तोंडावर.

"सत्तर."

"एवढं तरी लक्षात आहे."

हात खाली घेतला आणि मोजायला लागले. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टला बारीक शिट्टी वाजली. ते आपणहूनच थांबले. डोळे मिटून जिभेने पुढच्या दातांमागे चाचपलं.

"वरचे मधले दोन. केसभर."

"आत की बाहेर?"

"तू सांग."

पूर्वी याच प्रश्नावर मी नेहमी घाईने काहीतरी बोलायचो. यावेळी त्यांना पुन्हा त्रेसष्ट म्हणायला लावलं, वाकून पाहिलं. आणखी एकदा. जीभ कुठे अडते ते दिसलं. आत, म्हटलं. त्यांनी मान हलवली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. कवळी काढली, खिशातून सुरी काढली, ज्योतीवर पातं तापवलं. बाईंकडे नवी हत्यारं होती, त्यांनी पुढेही केली. पण माझा हात आधीच चालू झाला होता. मास्तर सुरीकडे बघत होते. मेण मऊ झालं, दोन दात केसभर आत घेतले, गार पाण्यात बुडवून पुन्हा तोंडात.

एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. शिट्टी नाही. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. खणखणीत. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. मी पुरे म्हणायला तोंड उघडलं, पण ते थांबलेच नाहीत. एकाहत्तर, बाहत्तर करत चालले. सात महिने गप्प बसलेला माणूस हातात आकडे मिळाल्यावर काय करतो ते पाहिलं. ऐंशीला थांबले. बाईंनी घड्याळ पाहिलं.

मग त्यांनी हात पुढे केला. मी सुरी दिली. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, खाचेपाशी क्षणभर अडकवला.

"धार बरी ठेवलीयस."

आणि परत दिली.

इथे काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सोमवारी पक्की तयार होईल." ते म्हणाले, बरं. बाहेर त्यांची मुलगी बाकावर बसली होती. मी दुसऱ्या दाराने निघालो. जवळ पडतं.

२५ मार्च, बुधवार

केलेली गोष्ट: सुरी घेतली. आजची नाही, बावीस वर्षांपूर्वीची. वहीचा नियम मोडतोय.

उचलली. शनिवार होता, नोकरीचा शेवटचा दिवस, जेवणाची सुट्टी. मास्तर हात धुवायला गेले होते. त्यांच्या खणातून काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

का? आठवण म्हणून. (हे खोडलं.)

का? सोमवारी ते कामाला बसतील, हात खणात जाईल आणि सुरी नसेल म्हणून.

का? रविवारी एकटे बसून माझं काम त्यांनी याच सुरीने दुरुस्त केलं होतं.

का?

इथे अर्धं पान मोकळं आहे. लिहिता येईल.

३० मार्च, सोमवार

२१२ पक्की झाली. शेवटचा हात पॉलिशवालीचा. मी काही सूचना करायच्या आत ती म्हणाली, "माहितीये काका. चमकवायची नाही." दातांच्या मुळाशी तिने चकाकी मुद्दाम मारून ठेवली होती, ओलसर हिरडीसारखी. पुढच्या तिरक्या दाताकडे बोट दाखवून म्हणाली, हा काकांचा दात. लॅबमध्ये सगळे असंच म्हणतात. दातांची एकसारखी रांग खोटी दिसते म्हणून एक दात किंचित फिरवायचा, ही माझी पद्धत समजली जाते. नवीन येणाऱ्यांना मीच शिकवतो.

"मास्तरांचा दात," मी म्हटलं.

"कोण मास्तर?"

सांगितलं. शिट्टीसकट. तिला वेळ होता, ब्रश धुवायचे होते. पूर्ण ऐकून तिने विचारलं, मग तुम्ही सुनावता ते कुणाकडून शिकलात, ते तर बोलायचेच नाहीत. म्हटलं, ते मात्र स्वतः.

स्टुलाचंही सांगितलं. तुझ्यावर संशय घेतला होता, स्क्रू झिजलाय.

"हो, माहितीये," ती म्हणाली. "सगळ्या लॅबला माहितीये. रोज दुपारी तुम्ही स्टुलाकडे बघायचात आणि मग माझ्याकडे. आम्ही पैज लावली होती, कधी कळतंय याची."

किती दिवसांची ते विचारलं नाही.

कवळी ओल्या कापसात ठेवून खोकं रवाना केलं. सुरी हातात घेतली होती. परत खणात ठेवली. उद्याच्या कामाला लागेल.

३ एप्रिल, शुक्रवार

बाईंचा सकाळी फोन. दुसऱ्या कामाचा होता, हे शेवटी सांगितलं. कवळी घेऊन गेलेल्या २१२ च्या मुलीचा निरोप आलाय. बुधवारी संध्याकाळी म्हातारबुवा आपलं ताट घेऊन बाहेर आले, टेबलाशी सगळ्यांबरोबर बसले. पहिला घास बराच वेळ चावला. सगळे हातातले घास हातात धरून बघत होते. मग म्हणाले, मीठ कमी आहे. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मीठ घेऊन आली. काल म्हणाले, जास्त आहे.

माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी बाईंना विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. जबडा कसा आहे म्हणाल्या. म्हटलं, आहे.

बायको म्हणते, करकर थांबलेली नाही. कमी आहे का, म्हटलं तर म्हणाली, मला झोप लागली होती, सांगता येत नाही.

दुपारी क्लिनिकला जाणारी खोकी भरताना एक रिकामं खोकं घेतलं. सुरीचं पातं पुसलं, धार एकदा अंगठ्यावर पाहिली, मऊ फडक्यात गुंडाळून आत ठेवली. चिठ्ठी लिहायला बसलो होतो. तीन कागद फुकट गेले. शेवटी नेहमीचा फॉर्म घेतला. केस नंबर २१२. कामाचा प्रकार: हा रकाना मोकळा सोडला. सोबतच्या वस्तू: मेणाची सुरी, एक. शेरा: पेशंटची स्वतःची.

पॉलिशवालीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या खणातली जादा सुरी काढून माझ्या टेबलावर सरकवली. बोथट आहे. म्हटलं, हिला धार लावायला आठवडा जाईल. म्हणाली, लावा मग.

चार वाजता गाडी आली आणि खोकी घेऊन गेली.